मानव्यविद्येचा समाजाला उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना

‘विद्यापीठांतले इतिहास, भाषा, तत्त्वज्ञानाचे विभाग बंद करा, ही मंडळी एकमेकांसाठीच लिहितात, समाजाला त्यांचा काडीचा उपयोग नाही’ अशा आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. तो वाचून गप्प बसवत नाही.

तळटीपा तपासत बसण्याचा बाहेर कुणाला काय फायदा, हा त्यातला पहिला सवाल. लंडनच्या न्यायालयात 2000 साली उभा राहिलेला खटला पाहा. नाझींनी केलेला ज्यूसंहार नाकारणारा लेखक डेव्हिड आयर्विंग याने, तो पुरावे मोडूनतोडून मांडतो असं पुस्तकात लिहिल्याबद्दल, इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि पेंग्विन प्रकाशनावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. इंग्लंडच्या कायद्यानुसार, आपण लिहिलं ते खरं आहे हे प्रतिवादींनीच सिद्ध करायचं. मग केंब्रिजचे प्राध्यापक रिचर्ड इव्हान्स आणि त्यांचे दोन संशोधक विद्यार्थी कामाला लागले. आयर्विंगच्या तळटीपा धरून ते मूळ जर्मन कागदांपर्यंत मागे गेले. कुठे सोयीचं तेवढंच उचललंय, कुठे अनुवाद वाकवलाय, हे दाखवणारा 700हून अधिक पानांचा अहवाल न्यायालयापुढे आला. आयर्विंग हरला. नुसत्या वकिली युक्तिवादावर हे साधलं नसतं. त्याला कागद वाचण्यात मुरलेली माणसंच लागतात, आणि ती एका रात्रीत तयार होत नाहीत.

दुसरा मुद्दा, प्राध्यापक समाजात येतात ते फक्त भाषण ठोकायला. ऑस्ट्रेलियात ॲडलेड परिसरातली कौर्ना भाषा एकोणिसाव्या शतकातच रोजच्या बोलण्यातून गेली. मागे उरला तो मुख्यतः दोन जर्मन मिशनऱ्यांनी 1840 साली छापलेला व्याकरण-शब्दसंग्रह. त्याच्या आधाराने कौर्ना समाजातली ज्येष्ठ मंडळी आणि भाषाशास्त्रज्ञ रॉब एमरी यांनी 2002 साली एक गट उभा केला. एखाद्या जागेला कौर्ना नाव हवं असलं, नवा शब्द घडवायचा असला, की दोघं एकत्र बसून ठरवतात. यात भाषण कुठे आलं?

सामान्य माणसाला यात रस नाही, हेही खोटंच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने 2010मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमची हस्तलिखितं इंटरनेटवर खुली केली, आणि स्वयंसेवकांनी ती किचकट अक्षरं लावून हजारो पानं उतरवून दिली.

एक तक्रार मात्र रास्त आहे. नेमणुका-बढत्यांत बहुतेक ठिकाणी शोधनिबंध मोजले जातात. लोकांमध्ये जाऊन केलेलं काम कुणी धरत नाही. बंदच करायचं असेल, तर हा हिशेब बंद करा.