माहेरचं पाणी

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली आणि घरातलं माझं होतं नव्हतं ते वजन गेलं. कारण मिरज हे आमच्या हिचं माहेर.

मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम, आणि अशात सासुरवाडीहून दहा वाघिणी पाणी! तेही कृष्णेचं. "मानपानात कमी पडलं म्हणत होते ना तुमचे काका? सांगा त्यांना, रेल्वे भरून पाठवलंय." मी हिशेब मांडला, की पाच लाख लिटर म्हणजे गावात माणशी जेमतेम लिटरभर. "असू दे. तुमच्या काकांनी तेवढं तरी दिलं का?" संपला विषय.

आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. घरटी एक पिंप, दोनशे लिटर. पूर्वी नळ आला की आई कालचं पाणी 'शिळं' म्हणून ओतून द्यायची. तीच आई आता आठ दिवसांच्या पाण्याला फडकं बांधून राखणीला बसायची. पाहुण्याला विचारायची, "पाणी घेता, का चहाच घेता?" चहा अर्ध्या कपात भागतो.

आंघोळ परातीत बसून. परात हिच्या लग्नातली, आणि कोरणाऱ्यानं नाव काठावर न घालता बरोबर मधोमध घातलेलं. तांब्याभर पाणी पुरवून पुरवून अंगावर घेईपर्यंत इतका वेळ जाई, की उठलो की 'मामांकडून सप्रेम भेट' माझ्यावर उलटं उमटलेलं असे. परातीतलं पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला, फरशीचं संडासात. तांदूळ धुतलेलं मात्र तुळशीला. तिचा मान वेगळा.

मे महिन्यात मेहुणा आला. नदीकाठचा माणूस. न्हाणीतून आवाज आला, "दाजी, पाणी संपलं बरं का! अन् ते बादलीत घाण पाणी साठलं होतं, दिलं ओतून."

आई मटकन खाली बसली. फरशी आणि संडास, दोन्ही एका दमात गेले होते. मी मोठ्या आशेनं हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "असू दे. त्यांच्याकडचंच आहे."

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तशी मीच त्याच्या हातात घागर दिली. रांगेत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे आमच्या मिरजेचं पाणी." पुढची बाई वळली. "मग घरूनच भरून आणायचं की वो! इथं कशाला उभारलाव?" आणि मागच्या चौघींच्या घागरी त्याच्या पुढं सरकल्या. आमचं पिंप त्या दिवशी अर्धंच भरलं.

जूनमध्ये त्याचा पुन्हा फोन आला, येतोय म्हणून. ही स्वयंपाकघरातून बोलत होती, आवाज एकदम खाली.

"ये की. पण भडंग आणू नको बाबा, तहान लागते. अन् हे बघ, आंघोळ करून ये."