चौकटीबाहेरचे कोरियन अक्षर

कोरियन डिझाइनचा विषय निघाला की हानबोक हा पारंपरिक पोशाख, राजवाड्यांची वळणदार छपरे आणि पौर्णिमेच्या चंद्रासारखे पांढरे रांजण यांचीच छायाचित्रे पुढे येतात. माझ्या मते त्या समाजाने आपली ओळख सर्वांत खोलवर जपली आहे ती अक्षरांच्या घडणीत.

राजा सेजोंग यांनी १४४३ मध्ये सिद्ध केलेली आणि १४४६ मध्ये जाहीर झालेली हंगुल लिपी मुळातच विचारपूर्वक रचलेली आहे. 'न' उच्चारताना जीभ जशी वळते तसा 'न'चा आकार आहे, 'म'साठी तोंडाची आकृती आहे, आणि स्वर आकाश, पृथ्वी व माणूस यांच्या खुणांतून, म्हणजे ठिपका, आडवी रेघ आणि उभी रेघ यांतून घडले आहेत. चिनी अक्षरांच्या संगतीने प्रत्येक अक्षरगट, म्हणजे एका उच्चारातील व्यंजन-स्वरांचा जुडगा, सारख्याच चौकोनात कोंबण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे एकच व्यंजन कुठे दाबून, कुठे पसरून पुन्हा पुन्हा काढावे लागते, आणि आधुनिक हंगुलमध्ये असे ११,१७२ अक्षरगट संभवतात. जोडाक्षरांचे खिळे जुळवणारा आपल्याकडचा जुळारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कष्ट सांगायला नकोत.

कोरियन अक्षररचनाकार आन सांग-सू यांनी १९८५ मध्ये स्वतःच्या नावाच्या फाँटमध्ये हा चौकोन मोडला. अक्षरगटाच्या शेवटच्या व्यंजनासाठी सुरुवातीच्या व्यंजनांचीच अक्षरे पुन्हा वापरावीत, हा सेजोंग यांच्या लिपीविषयक ग्रंथातील नियम त्यांनी शब्दशः पाळला आणि प्रत्येक व्यंजनाला एकच आकार दिला. ओळीची खालची कड त्यामुळे दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरखाली होते. दीर्घ मजकूर वाचायला ही अक्षरे जड जातात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यांना परंपराद्रोही म्हणणे मला साफ चुकीचे वाटते, कारण परंपरेच्या मुळाशी जाऊनच हा आकार हाती आला आहे.

लिपीच्या मुळाशी जाण्याच्या या आग्रहामागे जखम आहे. १९१० ते १९४५ या जपानी सत्ताकाळाच्या अखेरीस शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि १९४२ मध्ये कोशकार्य करणाऱ्या भाषाभ्यासकांना अटक झाली. त्याच काळात, १९४० मध्ये, लिपीची तत्त्वे उलगडून सांगणारी सेजोंगकालीन प्रत हाती लागली. संग्राहक जोन ह्योंग-पिल यांनी ती विकत घेतली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत लपवून ठेवली. प्योंगचांगच्या २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकचे बोधचिन्ह त्या ठिकाणाच्या नावातील दोन अक्षरगटांच्या आद्य व्यंजनांपासून घडवले गेले, तेव्हा जगापुढे ठेवलेल्या त्या दोन आकारांच्या मागे हा सगळा इतिहास उभा होता.