ग्रॅनाइट आणि आपला काळा दगड एक नाही
कुणी न शिकवता ग्रॅनाइट घडवणाऱ्या काकांवरचा लेख आवडला पण त्यातलं 'ग्रॅनाइट म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडासारखाच, फक्त जरा कडक' हे वाक्य खटकलं. नाही हो! आपल्या पुण्याचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला, बारीक कणांचा, पाताळेश्वरची लेणी त्यातच कोरलीयेत. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड होतो म्हणून स्फटिक मोठे आणि वर त्यात गारगोटी. मी वडिलांच्या हाताखाली कितीतरी पाटे-वरवंटे घडवले, मग हौसेने ग्रॅनाइटचा तुकडा आणला तर आमच्या साध्या टाकीचं टोक दहा मिनिटांत बोथट. कार्बाइडच्या (पोलादाहूनही कडक) टोकाची छिन्नी आणली तेव्हा कुठे काम सरकलं, आणि तेही तुम्ही कापत नसता, ठेचून ठेचून पीठ करत असता. हे सगळं कुणी न शिकवता शोधून काढणारा माणूस खरंच फार मोठा.

पण त्या पिठाबद्दल एक ओळ हवीच होती. गारगोटीची धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही, फोटोत तर काका तोंडाला काहीच न बांधता ग्राइंडर चालवतायत, प्लीज कुणीतरी त्यांना चांगला मास्क नेऊन द्या.