घोड्याला सगळं पाठ असतं म्हणे!

ऑलिंपिक आलं की ड्रेसाजचा, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यांवर घोडा ठरावीक चाली करून दाखवतो त्या खेळाचा, एखादा व्हिडिओ फिरायला लागतो. खाली मजकूर ठरलेला: 'घोडा गाण्यावर नाचतो, त्याला सगळा क्रम पाठ असतो, वर बसलेला माणूस सुटाबुटात नुसता मिरवतो. महागडा घोडा घ्या, पदक तुमचंच!' वाचायला गंमत वाटते, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

गाण्याचं आधी उरकून टाकू. संगीताला महत्त्व असतं ते फ्रीस्टाइल फेरीत, आणि ऑलिंपिकमध्ये ही फेरी आली १९९६ साली. तिथेही घोडा गाण्यावर पावलं टाकत नाही. त्याच्या ट्रॉटचे (दुडक्या चालीचे) आणि कँटरचे (संथ दौडीचे) ठोके मोजून संगीतच त्याच्या मापाने बेतलेलं असतं.

पाठांतराचा मुद्दा सावकाश बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते आणि नेमकी तीच स्वाराची डोकेदुखी. रिंगण २० बाय ६० मीटरचं, कडेने अक्षरं लावलेली. एकाच अक्षरापाशी दोन-चारदा कँटर मागितला की पुढच्या खेपेला घोडा आधीच्या कोपऱ्यातच पाठ ताठ करतो आणि इशाऱ्याची वाट न बघता उसळतो. प्रेक्षक म्हणतात, किती हुशार! परीक्षक गुण कापतात. म्हणून जाणते स्वार सरावात अख्खा क्रम सलग फारसा करतच नाहीत. तुकडे उलटसुलट करून घेतात, कँटरच्या जागी मुद्दाम थांबवतात, कधी नुसतं चालवून पुढे नेतात. क्रम पाठ करायचा असतो तो स्वाराने. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो वाचून दाखवायला कोणी नसतं. चुकला की घंटा वाजते आणि गुण जातात.

आता 'नुसता बसतो'. ग्राँ प्री या सगळ्यात वरच्या पातळीवर घोडा कँटरच्या दर झेपेला पुढे पडणारा पाय बदलतो, तेही सलग १५ वेळा. प्रत्येक बदलाला नवा इशारा लागतो: एका बाजूची पोटरी जराशी मागे, कंबर किंचित वळलेली, पुढच्या झेपेला सगळं उलट. एक इशारा उशिरा गेला की हिशेब तिथेच फसतो. हे पडद्यावर दिसत नाही, कारण दिसू न देणं हेच तर कसब आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२ साली ऑलिंपिक ड्रेसाज स्त्रियांना पहिल्यांदा खुलं झालं आणि त्याच वर्षी ज्युबिली या घोडीवर त्यांनी रौप्यपदक घेतलं. बैठक आणि पाठीचा कणा किती बोलतो, याला आणखी काय पुरावा हवा?

महागड्या घोड्याच्या युक्तिवादाला तर टोटिलास नावाचा घोडाच पुरून उरतो. एडवर्ड गाल या डच स्वाराबरोबर त्याने २००९ मध्ये ९० टक्के गुणांची पायरी ओलांडली, २०१० च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली आणि त्याच वर्षी तो प्रचंड किमतीला जर्मनीत विकला गेला. घोडा तोच, स्वार नवा. मोठ्या अजिंक्यपद स्पर्धेतलं वैयक्तिक पदक पुन्हा मिळालंच नाही. दुखापती झाल्या हे खरं, पण जमलेली जोडी काही पावतीबरोबर येत नाही. ती घडते रोजच्या किरकोळ प्रसंगांत. परक्या मैदानावर कठड्यालगत फुलांच्या कुंड्या दिसतात आणि घोडा बिचकून पाय रोवतो. अशा वेळी लगाम खेचला की संपलंच. जाणता स्वार श्वास सोडतो, आतल्या पायाने हलकेच धीर देतो, त्याला बघू देतो. मग घोड्याचा एक कान मागे वळतो, स्वाराकडे. तेवढं झालं की पुढे निघायचं.

'हे सगळं मारझोडीनेच करून घेतात' असंही काही जण जोडतात. क्रूरपणा होतो, ते झाकायचं कारण नाही. ब्रिटिश स्वार शार्लट दुजार्डिन यांनी घोड्याच्या पायांवर चाबूक मारल्याच्या व्हिडिओनंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली आणि पुढे त्यांच्यावर एक वर्षाची बंदीही आली. पण म्हणून सगळे तसेच, हे कुठून काढलं? २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला डच स्वार आडेलिंडे कॉर्नेलिसन यांचा घोडा पार्झिव्हाल स्पर्धेच्या आदल्या दिवशी तापाने फणफणला होता, तोंड सुजलेलं. त्याला रिंगणात आणायलाच नको होतं, ही टीका रास्तच. पण सुरुवात झाल्यावर तो नेहमीसारखा चालत नाही हे जाणवताच त्यांनी मध्येच थांबून परीक्षकांना अभिवादन केलं आणि स्पर्धा सोडली. नेदरलँड्सचा संघ चौथा आला, पदकाविना. स्वार नुसता मिरवायला बसलेला असता, तर खालच्या घोड्याला बरं नाही हे त्याला कळलं कसं असतं?