हलक्या गाडीची किंमत शून्य-ते-शंभरवर ठरवू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या गप्पांत हलक्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: शून्य ते शंभर किती? म्हणजे उभ्या गाडीला ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात. दीड लिटरची मझदा एमएक्स-५ कंपनीच्याच आकड्यानुसार ८.३ सेकंद घेते म्हटलं की निकाल लागतो, "एवढ्यात तर आपल्याकडची टर्बो सेडानही जाते." जातेच. म्हणून ती एमएक्स-५ च्या जवळपास पोचली असं मात्र होत नाही, आणि हे मला अगदी ठासून सांगायचंय.

आधी तो आकडाच किती लवचिक आहे ते बघा. रस्त्याला फक्त १ टक्का उतार असेल, म्हणजे १०० मीटरला १ मीटर, तर दहा सेकंदांची गाडी एकतृतीयांश सेकंद लवकर पोचते. डोळ्यांना तो उतार दिसतही नाही. अमेरिकन मासिकं पहिला एक फूट मोजतच नाहीत, तिथे साधारण ०.३ सेकंद वाचतात. मे महिन्यात ३५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने सहा-सात टक्के विरळ असते, त्यात आपला दमटपणा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. आणि टनभराच्या गाडीत दोन माणसं बसली की वजन चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढलं. अर्ध्या सेकंदावरून भांडण्यात काय अर्थ आहे?

आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, योग्य आकडा बघायला हवा. टोयोटा जीटी८६ घ्या. २०१२ ची, २०० पीएस (अश्वशक्ती), साधारण १,२४० किलो, आणि टायर २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी, जे टोयोटाच्याच प्रियस या हायब्रिड गाडीलाही मिळायचे. ग्रिपच्या चाचणीत ती मागे पडणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. कमी वेगातही गाडी सरकताना कळावी म्हणूनच ते टायर निवडले होते. मला ती निवड शंभर टक्के पटते. तिचा खरा दोष टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीच्या, आलेखात होता. ३,५०० ते ४,५०० आरपीएममध्ये आलेख खाली बसतो, आणि रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना इंजिन नेमकं तिथेच असतं. पुढे तिची वारसदार जीआर८६ आली, तिच्यात २.४ लिटरचं इंजिन आलं तेव्हा तो खड्डा भरला.

आता स्टिअरिंग, कारण 'फील' म्हणतात त्यातला मोठा वाटा इथला. वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळला जातो. ग्रिपचा जोर त्या भागाच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो, आणि तोच स्टिअरिंगला सरळ करू बघतो. हाताला जाणवतं ते हे वजन. ग्रिप संपत आली की टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी घसरतो, जोर पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. महत्त्वाचं म्हणजे हे टायर पूर्ण सुटण्याच्या *आधी* घडतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, सव्वासातशे किलोच्या जुन्या लोटस एलिसमध्ये ही सूचना थेट हातात यायची. जड गाडीत मदतीची मोटर मोठी लागते आणि तिच्यात ही बारीक खबर बुजते. स्पोर्ट मोड लावला की स्टिअरिंग जड होतं, खबर वाढत नाही.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट काम चालतं. स्विफ्टसारखी ९०० किलोच्या आसपासची छान हलकी गाडी घ्यायची आणि १८५/६५ आर१५ मापाचे टायर (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) काढून २०५/४५ आर१७ चढवायचे. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते. चाकं बहुधा जड होतात आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे सगळ्यात त्रासदायक. त्यावर कडक स्प्रिंग बसवले की घोडबंदर रोडच्या ठिगळांवर आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर चाक टेकून राहत नाही, उड्या मारतं. ग्रिप वाढवायला गेलो आणि ती घटली. खड्ड्यात रिम वाकते ते वेगळंच. अल्पिन ए११० उलट वाटेने गेली: ११०० किलोच्या आसपास वजन, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन दांड्यांनी चाक धरणारं सस्पेन्शन, आणि स्प्रिंग मऊ. बॉडी कलली तरी टायर सपाट टेकून राहतो. शंभर ४.५ सेकंदांत गाठते, तरी तिची कमाई मला त्या मऊपणातच दिसते.

टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा सकाळी थंड टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवरचं प्रेशर भरून घ्या. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की प्रेशर १ पीएसआय वाढतं. दुपारी वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. पाम बीच रोडवर गर्दी नसताना ५० च्या वेगात स्टिअरिंग पाच-दहा अंश डावी-उजवीकडे हलवा. मध्यापासून वजन सलग वाढायला हवं. आधी पोकळ आणि मग एकदम जड लागलं तर ते मोटरने दिलेलं वजन आहे. वाशी-खारघरच्या एखाद्या मोकळ्या सर्कलला ३० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला, नाक किंचित आत यायला हवं. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि गाडी ओढायला लागेपर्यंत किती थांबावं लागतं ते बघा.

आणि आकडाच हवा असेल तर तिसऱ्या गिअरमधला ४० ते ८० घ्या, तोही वेगमर्यादा परवानगी देते तिथेच. दहा हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा वेळा मोजणाऱ्या जीपीएस यंत्रावर, दोन्ही दिशांना, सरासरी काढून. बाजूला तापमान, टाकीतलं पेट्रोल आणि गाडीतली माणसं लिहून ठेवा.