शाल पांघरणारे हात सहीला का नकोत?

नव्वदच्या दशकात नागालँडमध्ये भावाभावांत गोळ्या चालत होत्या. सशस्त्र गटांत फूट पडलेली, लष्कराशी झगडा वेगळाच. त्या काळात सापडणाऱ्या बेवारस मृतदेहांवर नागा मदर्स असोसिएशनच्या बायका शाल पांघरायच्या आणि त्यांना मूठमाती द्यायच्या. नागांमध्ये शालीवरून माणसाची जमात ओळखतात. ज्याला ओळखायलाही कुणी आलं नाही, त्याला या बायका आपल्यातला करून निरोप देत होत्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नाही.

ही संस्था १९८४ ची. १९९४ मध्ये ‘आता रक्त सांडू नका’ म्हणत त्या गावोगाव फिरल्या. भूमिगत गटांशी बोलायला डोंगर तुडवत म्यानमारमधल्या तळांपर्यंत गेल्या. त्यांच्यातल्या नेइदोनुओ अंगामींना २००० साली पद्मश्री मिळाली.

आणि हे काम त्यांनी नव्यानं अंगावर घेतलेलं नव्हतं. तांगखुल नागांमध्ये ‘पुक्रैला’ म्हणून जुनी प्रथा आहे. एका कुळात जन्मून दुसरीकडे दिलेली बाई दोन्ही बाजूंची असते, म्हणून लढाईत मधे पडायचा मान तिचा. तिच्यावर शस्त्र उगारायचं नाही. सशस्त्र नागा गट एनएससीएन (आयएम) चे नेते थुइंगालेंग मुइवा त्याच तांगखुल समाजातले. ३ ऑगस्ट २०१५ ला दिल्लीत त्यांनी केंद्र सरकारबरोबर नागा प्रश्न सोडवण्याच्या आराखडा करारावर सही केली. सह्या करणारे सगळे पुरुष.

आता कुणी म्हणेल, शस्त्रसंधी, सार्वभौमत्व हे अवघड विषय, त्यात बायकांचं काय काम. मग नळ-गटार-कचऱ्याचं बघा. नगरपालिकांत बायकांना ३३ टक्के जागा द्यायच्या ठरल्यावर नागालँडमध्ये काय झालं? २०१७ च्या सुरुवातीला बंद, जाळपोळ. दिमापूरला दोन तरुण गोळीबारात गेले, कोहिमात पालिकेची इमारत जाळली. निवडणूक बारगळली, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, हे आमच्या रूढींविरुद्ध, राज्यघटनेच्या ३७१अ कलमानं आम्हाला दिलेल्या संरक्षणाविरुद्ध. रूढींच्या रक्षणाची त्यांची भीती मी उडवून लावणार नाही. दिल्लीनं त्यांच्याशी जसं वागलंय, त्यातून ती आलीय. पण पुक्रैला ही पण रूढीच ना? बाईनं मधे पडून जीव वाचवायचा ती रूढी हवी आणि तिनं खुर्चीवर बसायचं म्हटलं की रूढी मोडते, हे मला पटत नाही.

माझी मावशी १९९७ साली सांगलीकडच्या एका गावात राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली. सभेला काका सोबत असायचे. ग्रामसेवक प्रोसिडिंगचं रजिस्टर काकांपुढे सरकवायचा, ते बोट ठेवतील तिथं मावशी सही करायची. तिसऱ्या की चौथ्या सभेत तिनं ते रजिस्टर आपल्याकडे ओढलं. “आधी वाचून दाखवा, मग सही.” काका आठवडाभर धड बोलले नाहीत. पण स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव त्याच सभेत झाला. राखीव जागा नसती तर ती त्या खोलीत पोचलीच नसती. म्हणून कुणी ‘सरपंचपती’ म्हणून हसलं की मला राग येतो. सुरुवात तशीच होते.

नागालँडमध्येही अखेर कोर्टाच्या रेट्यानं, वीस वर्षांनी, २६ जून २०२४ ला पालिका निवडणुका झाल्या, ३३ टक्क्यांसकट. विधानसभेत पहिल्या दोन बायका २०२३ मध्ये पोचल्या, राज्य होऊन साठ वर्षं झाल्यावर. मात्र २०२३ च्या नव्या पालिका कायद्यातून अध्यक्षपदाचं आरक्षण तेवढं काढून टाकलं. सदस्य व्हा, अध्यक्षपदाची हमी मागू नका. ‘आई’ म्हणून आलात तर दार उघडं, हिस्सा मागायला आलात तर बंद!

मृतदेहांना मूठमाती ज्यांनी दिली, त्यांना बेपत्ता माणसांची नावं ठाऊक आहेत. विधवा कुठं राहतात, खंडणी कुणाच्या दारात वसूल होते, हेही. या सगळ्याचं कलम करारात कोण घालणार?

नागांशी अंतिम तोडगा अजून निघायचाय. जेव्हा निघेल, तेव्हा त्या खोलीत नागा मदर्सच्या चार जणी मला बघायच्यात. मागं हात जोडून उभ्या नकोत. कागद पुढं ओढून, आधी वाचून दाखवा म्हणणाऱ्या.