समला चढलात, मग मांद्र्याला का नको?

प्रदीपबाब, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा राग असा की जैसलमेरजवळच्या समला मी वाळूच्या टेकडीवर उभं राहून फोटो काढले आणि गोव्यात मांद्रे-मोरजीला मात्र लोकांना किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर चढू नका म्हणतो, आणि खरं नुकसान तर जेसीबी लावणारे करतात. नियम वेगळा आहेच, पण तो माणूस बघून नाही, वाळू बघून.

समच्या उंच टेकड्यांची वाळू मोकळी असते, वारा ती एका अंगाने वर चढवतो, पलीकडच्या अंगाने ती घसरते, आणि तो उतार साधारण ३४ अंशांहून उभा राहतच नाही. पावलं उमटली तरी चांगला वारा सुटला की पुसली जातात.

आपली टेकडी वेलींनी धरून ठेवलेली. जरा खाली बसून बघा, आपट्यासारख्या पानांची, जांभळट फुलांची मर्यादवेल असते ना, तिला पेरापेराला मुळं फुटलेली दिसतील आणि पानांच्या आडोशाला उडून आलेली वाळू साठलेली. वाळू चढत जाते, वेल तिच्यातून परत वर येते, टेकडी वाढते ती अशी. रावणाच्या मिशा नावाचं गवतही हेच करतं. ही झाडं वाळूत गाडलेली चालतात, तुडवलेली नाही! रोज एकाच वाटेने चढउतार झाली की वेल मरते, तिथे वारा शिरून खळगा पडतो आणि वाळू मागे माडांत जाते. पावसात दर्या खवळला की ह्याच टेकडीची वाळू खातो, ती पुढे पाण्याखाली साठते, लाटा तिथेच फुटून जोर कमी होतो, आणि दर्या शांत झाला की बरीचशी वाळू परत पुळणीवर येते, पण तिला धरायला वेल तर पाहिजे. २०११ च्या सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या केंद्राच्या नियमांत, ह्या टेकड्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात घातल्यात त्या म्हणूनच.

आणि फोटोला चढायची गरजच नाही हो. संध्याकाळी पुळणीवरच उत्तरेकडे तोंड करून कॅमेरा जमिनीलगत धरा, उजेड समुद्राकडून आडवा येतो, वाळूवरची रेघन् रेघ उठून दिसते.

जेसीबीचं तुमचं शंभर टक्के खरं, एका सकाळीत सगळं सपाट करतात. म्हणून तर म्हणतो, दर वर्षी त्याच जागेवरून, तारखेसकट, मागचा एखादा माड किंवा घर फ्रेममध्ये धरून फोटो काढून ठेवा. टेकडी कापली गेली तर जीसीझेडएमएकडे, म्हणजे गोव्याच्या किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, तक्रार करताना ती आधी तिथे होती हे दाखवायला तेच कामाला येतील.